फोन कंपन्यांनो, हेडफोनचं भोक बुजवून नेमकं कुणाचं भलं केलंत?

साधं एक गाणं ऐकायचं तर आधी केवढी चौकशी! वायरलेस इअरबडच्या डबीत चार्जिंग आहे का, डावा बड चार्ज झालाय का, उजवा झालाय का, ब्लूटूथ चालू आहे का, आणि एवढं करून तो बड आत्ता फोनला चिकटलाय की पलीकडच्या खोलीतल्या लॅपटॉपला? डबीचं झाकण नीट लागलं नसेल तर आणखी मजा. फोन उचलून आपण हॅलो हॅलो करत बसायचं आणि समोरच्याचा आवाज कपाटातल्या बडमध्ये. डोकं फिरतं अक्षरशः! वायरवाल्या हेडफोनची पिन फोनच्या भोकात, म्हणजे जॅकमध्ये, खुपसली की आवाज यायचा. संपलं. त्याला ना चार्जिंग लागायचं, ना अॅप, ना अपडेट.

आणि ही सोय काही कालपरवाची नव्हती. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला साडेतीन मिलिमीटरची अशी दोन भोकं होती, दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून. त्या काळातला हेडफोन आजही जॅक असलेल्या कुठल्याही फोनला लावा, वाजेल. इतकी वर्षं टिकलेली, सगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना चालणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली दुसरी एक गोष्ट दाखवा मला या क्षेत्रात. म्हणूनच ती डोळ्यांत खुपली असणार. तिच्यातून कुणालाच दरवर्षी नवा माल विकता येत नव्हता.

अॅपलच्या आधीही काही कंपन्यांनी फोनमधून जॅक काढून पाहिला होता, पण लाट आली ती ७ सप्टेंबर २०१६ ला. अॅपलने आयफोन ७ मधून जॅक काढला आणि त्याच दिवशी, त्याच मंचावर एअरपॉड्स दाखवले. आधी अडचण निर्माण करायची आणि मग उपाय विकायचा. बाकीच्यांनी सुरुवातीला खिल्ली उडवली. गूगलने आपल्या पहिल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत आमच्याकडे जॅक आहे म्हणून मिरवलं आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून तो गायब केला. सॅमसंगने २०१७ च्या जाहिरातीत आयफोनला हेडफोन जोडण्यासाठी लागणाऱ्या लोंबत्या कनेक्टरला टोमणा मारला आणि २०१९ मध्ये नोट १० मधून स्वतःचाही जॅक उडवला. या दोघांपैकी एकाने जरी वेगळी वाट धरून ठेवली असती तर निदान जास्त निवड उरली असती.

कारणं काय दिली जातात? म्हणे पाण्यापासून बचाव. अहो, त्याच २०१६ साली सॅमसंगचा गॅलॅक्सी एस७ जॅकसकट आला होता आणि पाणी-धूळ रोखण्याचा त्याचा दर्जा होता आयपी६८. जॅक काढलेल्या आयफोन ७ चा होता त्याहून खालचा, आयपी६७! म्हणे हे तंत्रज्ञान जुनाट झालं. मग २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये अॅपलनेच महागड्या, जास्त इम्पीडन्सच्या, म्हणजे वाजायला जास्त जोर लागणाऱ्या, हेडफोनसाठी सुधारलेला जॅक का दिला? लॅपटॉपवर चांगला आणि फोनवर जुनाट, असं कसं?

सगळ्यात चीड येते ती मीटिंगच्या वेळी. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बहुतेक बड गाण्यांची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर उतरतात. स्टिरिओ जातो, आवाजाचे वरचे थर कापले जातात आणि माणूस डबड्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. यावर उपाय म्हणून एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत २०२० साली जाहीर झाली, पण त्यासाठी फोन आणि बड दोन्ही नवे हवेत. म्हणजे परत खरेदी. वायरवाल्या साध्या इअरफोनला ही भानगड कधीच नव्हती. आवाज उशिरा पोचतो ते वेगळंच. व्हिडिओ पाहताना अॅप चित्र थोडं थांबवून ते झाकून घेतं, पण गेम खेळणाऱ्याचं किंवा फोनवर कीबोर्ड वाजवणाऱ्याचं काय? बोट आत्ता पडतं आणि सूर नंतर येतो. असा कुणी रियाज करायचा?

कनेक्टर घ्या, म्हणतात. कुठला घेऊ? काही फोन टाइप-सीमधून थेट अॅनालॉग आवाज देतात, काहींना कनेक्टरमध्येच डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, लागतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एका फोनवर वाजणारा दुसऱ्यावर मुका. आणि तो लावला की चार्जिंगची जागा गेली. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

वर पर्यावरणाच्या गप्पा! २०२० मध्ये आयफोनच्या खोक्यातून चार्जर आणि इअरफोन काढले ते म्हणे पृथ्वीसाठी. आणि त्या जागी विकतात काय, तर तीन-तीन बॅटऱ्या असलेली वस्तू, एक डबीत आणि एकेक प्रत्येक बडमध्ये. गोंदाने चिकटवून बंद केलेली. वस्तू उघडून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिलेत, शून्य! त्या इवल्याशा बॅटऱ्या दोनतीन वर्षांत दमतात आणि आत सगळं धडधाकट असतानाही अख्खा संच कचऱ्यात जातो. वायर तुटली तर ती डाग देऊन जोडता येत होती. एक बड हरवला तर एकट्या बडसाठी वणवण करायची, नाहीतर नवा संच घ्यायचा.

वायरलेस बंद करा असं माझं म्हणणंच नाही. धावताना, व्यायाम करताना ते सोयीचंच आहे, ज्याला हवं त्याने वापरावं. पण जॅक असताना ब्लूटूथ कुणी अडवलं होतं? दोन्ही सुखाने नांदत होतं. आजही स्वस्तातल्या कित्येक फोनना जॅक असतो, म्हणजे बनवता येत नाही असंही नाही. जास्त पैसे मोजणाऱ्याच्याच फोनमधून तो काढायचा, कारण बडसाठी पुन्हा पैसे मोजेल तोच. फोनच्या पाठीवर तीन-तीन कॅमेऱ्यांचा डोंगर उभा करायला जागा होते आणि साडेतीन मिलिमीटरच्या भोकाला होत नाही, हे मला कुणीही सांगू नये.