अ‍ॅक्सेस थेट 'आर'ला जोडा, एक्सेलचा वळसा कशाला?

थीसिसचे दिवस आले की परळ-शिवडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो: "अ‍ॅक्सेसचा डेटा थेट 'आर'ला जोडू नका. जोडणी होत नाही, झालीच तर मूळ फाइल बिघडते. एक्सेलमध्ये काढा, सीएसव्ही करा, मग वाचा. तेच सुरक्षित." अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, 'आर' म्हणजे संख्याशास्त्राचं, आणि सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. या दोघांची जोडणी हेच माझं रोजचं काम. या सल्ल्याने झालेले घोळही मीच निस्तरते, म्हणून उत्तर देते आहे.

"जोडणी होत नाही." होते. ओडीबीसी, म्हणजे कुठलाही डेटाबेस दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायची ठरलेली पद्धत, १९९२ पासून याच कामासाठी आहे. गाडी अडते ती बहुतेकदा एकाच जागी: ऑफिस ३२-बिट आणि आर ६४-बिट. 'आर्किटेक्चर मिसमॅच' असा एरर येतो आणि माणूस नाद सोडतो. एप्रिल २०२२ मधल्या आर ४.२.० पासून विंडोजवर ३२-बिट आर मिळतच नाही, तेव्हा जोडणी करून देणारा ऑफिसचा ड्रायव्हरही ६४-बिटच हवा. अ‍ॅक्सेसमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट असं गेलं की आपलं ऑफिस कोणतं ते कळतं. ३२-बिट निघालं तर काढून ६४-बिट टाका. पुढे आरमध्ये 'डीबीआय' आणि 'ओडीबीसी' ही दोन पॅकेजं पुरतात.

"मूळ फाइल बिघडते." नुसतं वाचून टेबलातलं अक्षरही बदलत नाही. तरी धाकधूक असेल तर डीएसएन (विंडोजमध्ये साठवलेली जोडणीची माहिती) बनवताना ऑप्शन्समध्ये 'रीड ओन्ली'वर टिक करा. काम झालं की कनेक्शन बंद करा, एवढंच.

"एक्सेल सुरक्षित." हा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून १५,८४१ कोविड रुग्ण गळले, ते या मर्यादेमुळे. आपल्याकडचे घोळ लहान, पण रोजचे. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की ०२२ ने सुरू होणाऱ्या लँडलाइन नंबरातलं पहिलं शून्य जातं. विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीची असेल तर ०३/०४ असं लिहिलेल्या ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, आणि २५ तारीख मात्र नुसता मजकूर म्हणून पडून राहते. काही तारखा चुकीच्या, काही निरुपयोगी, आणि एररचा पत्ता नाही. अ‍ॅक्सेसमधून टेक्स्ट एक्सपोर्ट करताना 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडलं नाही, तर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. एका दवाखान्यात अशीच यादी छापली गेली होती. आरोग्यसेविका ताई कागद घेऊन माझ्यासमोर उभ्या: "मॅडम, यातल्या कुणाच्या घरी जाऊ?" नावांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फक्त ?????.

थेट जोडणीतही एक खरा खड्डा आहे, आणि त्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत, म्हणजे डेटा शोधायच्या सूचनेत, 'लाइक'सोबत आपण 'इथे काहीही चालेल' या अर्थाने * लावतो. ओडीबीसीतून मात्र % लागतो. म्हणून अ‍ॅक्सेसमध्ये छान चालणारी सेव्ह केलेली क्वेरी आरमध्ये शून्य ओळी देते, तीही एरर न देता. 'लाइक'ऐवजी 'अलाइक' आणि % लिहिलं की दोन्हीकडे चालतं. क्वेरीत 'एनझेड' (रिकाम्या जागी दुसरं मूल्य देणारं) फंक्शन असेल तर ती बाहेरून चालतच नाही. तिथे 'आयआयएफ' आणि 'इज नल' वापरा. पहिल्यांदा जोडाल तेव्हा अ‍ॅक्सेसमधला रेकॉर्डचा आकडा आणि आरमधल्या ओळींचा आकडा शेजारी ठेवून बघा. जुळले नाहीत, तर आधी क्वेरीतलं * शोधा.