बोखुमचे दाखले आणि घुग्घुसचे ट्रक

चंद्रपूरच्या आमच्या नातेवाइकांत उन्हाळा चढला की एकच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, औष्णिक वीज बंद करा, राख खाऊन किती दिवस जगायचं? दुसरी विचारते, मग पोरांनी करायचं काय? दोघंही खरं बोलतात. 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं अतिप्रदूषित ठरवलेल्या भागांत चंद्रपूर होतंच, आणि घरटी एक तरी माणूस कोळशावर जगतो हेही तितकंच खरं. मग कुणीतरी म्हणतं, जर्मनीनं जमवलं की!

मी बोखुमला राहतो, जर्मनीच्या जुन्या कोळसापट्ट्यात, रूरमध्ये. हा दाखला अर्धाच दिला जातो, याचा मला त्रास होतो.

इथली दगडी कोळशाची शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, 21 डिसेंबर 2018 ला बंद झाली. 1957 च्या सुमारास या धंद्यात सहा लाखांच्या आसपास माणसं होती. म्हणजे ही उतरण साठ वर्षं चालली, आणि ती सुरू झाली स्वस्त तेल आणि आयात कोळशामुळे. हवामानाचा प्रश्न फार नंतर आला. 2007 मध्ये सरकार, कंपनी आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून 2018 ची मुदत ठरवली. जमिनीखाली काम करणाऱ्याला वयाच्या 50 पासून पेन्शन लागेपर्यंत दरमहा रक्कम मिळण्याची सोय होती, तरुणांना दुसऱ्या कामाचं शिक्षण. पुढे 2020 च्या कायद्यांनी कोळशाच्या विजेला 2038 ची शेवटची मुदत घातली आणि कोळशावर जगणाऱ्या भागांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली.

इतकं करूनही सगळं सुरळीत झालं नाही. 1962 मध्ये बोखुमला जुन्या खाणीच्या जागेवर ओपलचा मोटार कारखाना आला, खाणीतून सुटलेल्यांना काम मिळालं. 2014 च्या अखेरीस तोही बंद. नोकियाचा त्याआधीच, 2008 ला. शेजारचं गेल्झेनकिर्शन बेरोजगारीत आजही देशात वरच्या क्रमांकावर असतं. टिकलं ते 1965 मध्ये सुरू झालेलं रूर विद्यापीठ. खाणकामगारांच्या पोरांना घरून जाऊन-येऊन शिकता आलं, आणि माझ्या मते या पट्ट्याला सगळ्यात जास्त आधार त्यानंच दिला.

पण चंद्रपूरची अडचण याच्याही आधीची आहे. माझा मावसभाऊ घुग्घुसकडच्या एका खाणीतून रेल्वे सायडिंगपर्यंत कोळशाचा ट्रक चालवतो. पैसे खेपेवर. ट्रक एकाचा, ठेका दुसऱ्याचा, कोळसा तिसऱ्याचा. ठेकेदार बदलला की गेटपास नवा, आणि दहा वर्षं राबलेला माणूस त्या दिवशी कामाला लागल्यासारखा. ट्रकवर ताडपत्री बांधणारी दोन पोरं तर त्याच्याच खिशातून मजुरी घेतात. मी त्याला इथल्या रकमांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, मी इथं कामाले आहो याचाच कागद नाही, तं पैसे कोणाच्या नावानं येतीन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जर्मनीत कोळसा सोडणाऱ्याला भरपाई मिळाली, कारण तो कायम नोकरीत होता, त्याचं नाव नोंदलेलं होतं, मागे ताकदवान संघटना होती. आपल्याकडे कायम कामगाराची बदली होईल, व्हीआरएस मिळेल. ट्रकवाला, ताडपत्रीवाला, टायरवाला, खाणावळ चालवणारी बाई यांचं काय?

सौर ऊर्जेत रोजगार येतील म्हणतात. येतील, पण महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प धुळे जिल्ह्यात साक्रीला आहे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय पॅनल उभारताना शेकडो हात लागतात, नंतर पुरतात ते धुणारे आणि राखण करणारे मोजके.

भारतानं 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070 चं वर्ष जाहीर केलं. ते लांब वाटतं, पण जुन्या भूमिगत खाणी परवडत नाहीत म्हणून आधीच बंद पडताहेत. 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. रॉयल्टीच्या हिशेबानं त्यात पैसा जमतो, आणि तो खाणींची झळ सोसणाऱ्यांसाठीच आहे. त्यातून आधी गावोगाव नोंदणी करा: कोण कोळशावर जगतो, कोणत्या कामावर, किती वर्षांपासून, ठेकेदाराच्या कागदावर असो वा नसो. त्या यादीशिवाय कुठल्याही खाणीच्या बंदची तारीख जाहीर होऊ नये, आणि यादीवरच्या माणसांना त्या बैठकीत खुर्ची मिळावी.