मुंबई रिकामी नव्हती आणि कोळीवाडा झोपडपट्टी नाही

‘१६६५ च्या आधी मुंबई म्हणजे नुसती दलदल. पोर्तुगिजांनी सात बेटं हुंड्यात दिली, इंग्रजांनी शहर वसवलं. कोळी-भंडारीही बाहेरूनच आलेले. म्हणजे कोळीवाडे आणि गावठाणं ही जुनी झोपडपट्टीच. वारशाचं नाव काढू नका, पाडा आणि टॉवर बांधा.’

हा मजकूर सगळीकडे फिरतोय. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आला. उभा जन्म कोळीवाड्यात काढलेल्या माझ्या आत्याने तो वाचला आणि मला विचारलं, “आपण अतिक्रमण करून राहतो का रे?” म्हणून हे लिहितोय.

आधी दलदलीचं. १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना एक शिल्प सापडलं. दहा फुटांहून उंच, एकाच पांढरट दगडातलं. मधे एकावर एक तीन शिव, दोन्ही बाजूंनी फुटणारे आणखी चार, पायाशी वाद्यं घेतलेले गण. तज्ज्ञ ते सहाव्या शतकाच्या आसपासचं मानतात. आज ते परळच्या बारादेवीच्या देवळात आहे. परळ हे त्याच सात बेटांपैकी एक. असलं शिल्प घडवायला कसबी कारागीर लागतात, त्यांना पोसणारा कोणी लागतो, पूजेला माणसं लागतात. निर्मनुष्य चिखलात कोणी हे उभं करत नाही. माझ्या मते एवढ्या एका दगडावर तो पहिला मुद्दा संपतो.

हुंड्याचं थोडक्यात. इंग्रज राजा आणि पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात मुंबईचं बंदर आणि बेट एवढंच होतं, सात बेटं नव्हती. माहीम वगैरे त्यात येतं की नाही यावर पोर्तुगीज नंतरही भांडत होते.

इंग्रजांच्या काळात वस्ती झपाट्याने वाढली, हे मान्य करावं लागेल. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रायर १६७० च्या दशकात साठ हजार लोकसंख्या सांगतो, पोर्तुगिजांच्या वेळेपेक्षा पन्नास हजारांनी जास्त. पण म्हणजे आधीचे दहा हजार होतेच ना! ती माणसं कोण होती, ते मात्र या मजकुरात कुठेच नाही.

‘सगळेच बाहेरून आले’ यातही अर्धं सत्य आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर (उत्तर कोकणातल्या जुन्या राजांची हकीकत) बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची यादी देते. बखरीतल्या सनावळ्यांत घोळ आहेत. तरी ते येणं शेकडो वर्षांपूर्वीचं. तेवढ्यावरून आज कोणाला उपरं ठरवायचं असेल, तर या शहरात हक्काचा एकही माणूस उरणार नाही.

आता त्या शेवटच्या ओळीचं, कारण खरं नुकसान तीच करते. झोपडपट्टी ठरते ती महाराष्ट्राच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याने, आणि तो बघतो सोयी, दाटी, आरोग्य. वस्ती किती जुनी, जागा कोणाची, हे त्यावरून ठरत नाही. कोळीवाड्यातल्या गल्ल्या अरुंद आहेत कारण वस्ती मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. दोन घरांमधली मोकळी जागा पडीक नसते. तिथे बांबूंवर बोंबील वाळतात, जाळी दुरुस्त होतात, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात. बाहेरच्याला ती रिकामी दिसते आणि तिच्यावरच आधी डोळा जातो. कोळीवाड्यांच्या सीमांकनात, म्हणजे हद्दी आखताना, फक्त घरं मोजून भागणार नाही. मासळी वाळवायची जागा आणि होड्या लावायचा किनारा नकाशावर आला नाही, तर घरं राहतील पण मासेमारी जाईल. आत्याला मी हेच सांगितलं, आणि तो मजकूर पाठवणाऱ्या भावालाही.