बर्फावरची मधमाशी

आज सकाळी उठल्या उठल्या एक फोटो समोर आला. डोंगरावरचं कुरण, जांभळं फूल, त्यावर मधमाशी. डोळ्यांवरची लवसुद्धा मोजता येईल इतका लख्ख. खाली वाहवांचा पाऊस. आणि फोटोकाराने वर कौतुकाने लिहिलंय: डबीत पकडली, थर्मासमधल्या बर्फावर पंधरा मिनिटं ठेवली, मग फुलावर मांडली!

अहो, न सांगताही कळतं. पाय पोटाशी दुमडलेले, मिशा खाली पडलेल्या, सोंड आत. स्वतःहून बसलेली माशी पाकळी नखांनी धरते. ही नुसती ठेवलेली आहे, ताटातल्या भजीसारखी.

गारठलेला कीटकच हवा ना? मग उन्हाच्या आधी पोहोचा. फुलावरच रात्र काढलेले केसाळ बंबलबी, म्हणजे गुबगुबीत जंगली मधमाशा, तेव्हा हलतही नाहीत. उडण्याआधी त्यांना छातीतले स्नायू थरथरवून ३० अंशांच्या आसपास तापवावे लागतात. तेवढा वेळ तुमचा. शटरचा वेग १/२५० सेकंद पुरतो, वारा नसला तर. ऊन चढून उडाउडी सुरू झाली की १/१००० च्या खाली येऊ नका.

१:१ मॅक्रोला, म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्याच आकाराचा उमटेल इतक्या जवळून, भिंगाचं छिद्र एफ/८ ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणून कॅमेरा माशीच्या अंगाला समांतर धरायचा. छिद्र आणखी बारीक, एफ/२२ करून सुटका नाही, सगळाच फोटो मऊ पडतो. देठ डुलत असेल तर ऑटोफोकस वेडापिसा होतो. तो बंद करा, अंतर पक्कं करा, स्वतः पुढेमागे झुला आणि बर्स्ट मारा, म्हणजे सलग भराभर फोटो. चाळीसात दोन बरे निघाले तर खूप झालं. आणि माशीमागे धावू नका हो! एका फुलांच्या झुबक्यापाशी बसा, त्या तिथेच परत येतात. फक्त तुमची सावली फुलावर नको, सावली पडली की उडाल्याच.

धावल्यावर काय होतं, तेही त्याच फोटोत आहे. मागे बघा, गवत आडवं झालंय. कळ्यांसकट.

संशोधकही ओळख पटवायला कीटक थंड करतात, मान्य. त्यांना मोजमापं हवी असतात, लाइक नव्हे.

बाकी पोराचा हात चांगला आहे, हे म्हणायलाच हवं. फ्लॅशवर प्रकाश मऊ करणारा डिफ्युजर नीट लावलाय, पंखावर कुठे पांढरा डाग नाही. पण मागचा प्रकाश तिरपा, तांबूस आहे. बहुधा संध्याकाळचा. गार पडलेल्या त्या माशीला अंधाराआधी पोळं गाठता आलं का, ते त्याने लिहिलेलं नाही.