"रडायला आलीस का इथं?"

आज तालुक्याच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची मॅच बघायला गेले होते. माझी भाची पहिल्याच तुकडीत पळायला उतरली आणि पंधरा सेकंदांत बाद झाली. हुलकावणी द्यायला गेली, पाय सरकला, संपलं. बाहेर येऊन दोरीपाशी बसली आणि तिला रडू फुटलं. आणि माझा सख्खा भाऊ, तिचा बाप, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रडायला आलीस का इथं? एवढं टेन्शन घ्यायचं असेल तर घरी बस!"

त्यानंतर ती पोरगी खेळलीच नाही. आक्रमणाला पाटीवर बसली होती, पण नजर सारखी बापाकडे. दोनदा खो मिळूनही उठायला उशीर केला.

दादा, तू हे वाचणार आहेस. तिथेच बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. आणि तू एकटा नाहीस. दोरीबाहेर उभा असलेला निम्मा पालकवर्ग हेच ओरडत होता.

मी सातवीत होते तेव्हाची जिल्ह्याची फायनल तुला आठवते ना? आम्ही एका गुणाने मागे. शेवटचं मिनिट, समोरची एकच गडी आत. ती बाद झाली असती तर बरोबरी, मग अलाहिदा डाव, म्हणजे निकाल लावायला आणखी एक डाव. मी पाचव्या पाटीवर. घशाला कोरड, तळहातांना घाम, आणि डोक्यात एकच घोळ चाललेला: माझ्यामुळे हरलो तर? तेवढ्यात कानात "खो" आला आणि मी उठले.

खो कुणी दिलाच नव्हता. तो आवाज गर्दीतून आला की माझ्याच डोक्यातून, हे मला आजही सांगता येणार नाही. शिट्टी वाजली. फाऊल. पळणारी खांबाला वळसा घालून सुटली आणि आम्ही हरलो.

परतीच्या टेम्पोत कुणी माझ्याशी बोललं नाही. उतरताना सर एवढंच म्हणाले, "मन खंबीर ठेवायला शिक."

शिकवलंत का पण? सूर मारायला शिकवताना याच सरांनी दोन महिने घालवले होते. रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारून माती मऊ करायची, मग आधी गुडघ्यावरून, मग चालत, मग धावत. कोपर कुठे टेकायचं, हनुवटी कशी वर ठेवायची, सगळं हाताला धरून. आणि मनासाठी? एक वाक्य. तेही हरल्यावर!

मला याचाच संताप येतो. "टेन्शन घेऊ नको" हे सांगणं म्हणजे शिकवणं नाही. पोरं काय हौसेने घेतात का टेन्शन? ते येतं. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, कान नको ते ऐकतात. आलं की करायचं काय, हे कोण सांगणार?

नेमबाज स्वप्निल कुसाळेचं बघा. कांबळवाडीचा पोरगा, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या फायनलला उतरला तेव्हा पोटात फक्त काळा चहा होता. छाती धडधडत होती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, झोपून मारायच्या फेरीनंतर पाचवा. त्याने गुणफलकाकडे बघितलंच नाही, श्वासावर लक्ष ठेवलं. उभ्याने मारायच्या फेरीत वर सरकत तिसरा आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं. आणि ते मिळवणाऱ्याने भीती पळवून लावली नव्हती. ती होतीच. त्याने फक्त लक्ष कुठे ठेवायचं ते ठरवलं होतं.

आणि रडण्याचं म्हणाल, तर आपली क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज. २०२५ च्या महिला विश्वचषकात दोनदा शून्यावर बाद, मग एका मॅचला संघाबाहेर. रोज रडत होती, आईला फोन करून रडत होती, मैत्रिणी शेजारी बसून राहत होत्या. आणि त्याच जेमिमाने सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ केल्या. आपल्या नवी मुंबईत! त्या रात्री आपण सगळे टीव्हीसमोर रडलो. दादा, तूसुद्धा. तिचं रडणं तुला चाललं, पोरीचं का नाही चालत?

हो, मान्य, काही पोरांना कडक बोललं की चेव चढतो. असतील तशी. आपली तशी नाही.

मला माझं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. सरांकडून नाही, आमच्याच संघातल्या दहावीच्या एका ताईकडून. सरावाला माझ्या मागे उकिडवी बसली आणि म्हणाली, "कानाने खो ऐकू नकोस, पाठीने ऐक. हात लागेपर्यंत तू दगड." बास. मग रोज वीस वेळा नुसतं "खो" ओरडायची, हात न लावता. मी उठले की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत माझं सगळं ध्यान पाठीवर दोन बोटांएवढ्या जागेत येऊन बसलं. भीती गेली नाही, पण तिला बसायला जागा उरली नाही. नंतर चार वर्षं खेळले, उठण्याचा फाऊल एकदाही नाही.

लिहिता लिहिता राग उतरतोय. कारण त्या हरलेल्या रात्रीचं अजून एक आठवलं. बाबा जेवताना मला बोलायला लागले, तेव्हा ताट बाजूला सारून तू म्हणाला होतास, "तिला रडू द्या की." तू तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. बाबांसमोर तोंड उघडायची घरात कुणाची छाती नव्हती. मी ते विसरले नाही, दादा. तू विसरलास.

संध्याकाळी तुझ्या अंगणात मी पोरीला उकिडवी बसवली आणि मागून "खो" ओरडत राहिले, हात न लावता. पहिल्या तीन वेळा उठली. चौथ्या वेळी खांदे हलले, पण उठली नाही. मग हात लावला आणि अशी सुटली की तुळशीच्या कट्ट्याला जाऊन थडकली. तू दारात उभा होतास, बघितलंस.

गुरुवारी सकाळी आठला साखळीतली पुढची मॅच आहे. मी येतेय. तूही ये. फक्त तिच्या पाठीमागच्या बाजूला उभा राहा, तिला दिसणार नाहीस असा.