आधी चुन्याचा घाणा

पावसाळा आला, ट्रेकचे फोटो पडले की आमच्या ग्रुपवर तो जुना वाद उकरला जातो: किल्ले हॉटेलांना भाड्याने द्यावेत का? 2019 मध्ये यावरून एवढा गदारोळ झाला की शिवकालीन गडांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. मी हे रुमानियात, क्लुजमध्ये बसून वाचतो. इथून तीसेक किलोमीटरवर बॉन्त्सिदा नावाचं खेडं आहे, आणि तिथे बान्फी या हंगेरियन सरदार घराण्याचा राजवाडा.

1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो लुटून जाळला. वाड्याचे मालक मिक्लोश बान्फी यांनी हंगेरी आणि रुमानिया दोघांनी हिटलरची साथ सोडावी म्हणून बोलणी केली होती, त्याचा हा सूड. पुढे कम्युनिस्ट राजवटीत वाडा सरकारजमा झाला आणि आणखी खचला.

2013 पासून उन्हाळ्यात तिथे ‘इलेक्ट्रिक कॅसल’ हा संगीत महोत्सव भरतो. आमच्या ग्रुपवरच्या काकांना हे सांगितलं तर ते मला ग्रुपमधूनच काढतील! पण वाड्याला पहिला हात दिला तो गाण्याबजावण्याने नव्हे. 2001 पासून ट्रान्सिल्व्हेनिया ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था तिथे गवंडी, सुतार, पाथरवट आणि वास्तुविशारद यांना जुन्या पद्धतीने डागडुजी शिकवते. वर्ग भरतो त्याच पडक्या भिंतींपाशी. चुना विरवून मुरवायचा, वाळूत कालवायचा, भिंत ओली करून थापायचा आणि उन्हात भराभर सुकू द्यायचा नाही. चुकलं तर खरवडून पुन्हा. या कामाला 2008 मध्ये युरोपा नोस्ट्रा हा वारसा-जतनाचा युरोपीय पुरस्कारही मिळाला.

तुलना फार ताणणार नाही. बान्फींच्या नावाने इथल्या कुणा रुमानियन शेतकऱ्याचा ऊर भरून येत नाही. रायगडावर माणूस पायातलं काढून समाधीपुढे उभा राहतो. तिथे डीजे मलाही नको. पण पावित्र्याच्या भांडणात आपण गवंड्याला विसरलो. गडागडावर चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक पडलेलं असतं, आपण त्याच्याशेजारी सेल्फी काढतो, आणि चार पावलांवर तटाच्या सांध्यात सिमेंट भरलेलं असतं. सिमेंट ओल कोंडतं, आणि मग दगड झिजतो.

2025 मध्ये आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, पेढे वाटून झाले. आता त्यातल्या एखाद्या गडाच्या पायथ्याशी, तिथल्याच पोरांना रोजगार देऊन, चुन्याचा वर्ग सुरू करा. हॉटेलवरून त्यानंतरही भांडता येईल.