अंगणवाड्या बंद करा म्हणे!

एक मेसेज सध्या गटागटांत फिरतोय: ‘पन्नास वर्षं अंगणवाड्या चालवल्या, कुपोषण तसंच. नुसती फुकटची खिचडी. बंद करा, आईच्या खात्यात १५०० रुपये जातातच. लहान लेकरू आईजवळच बरं.’

‘कुपोषण तसंच’? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वयाच्या मानाने बुटक्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३४. पुढच्या फेरीत ते ३५ वर अडकलं. घट एकट्या अंगणवाडीमुळे झाली असं मी म्हणणार नाही, आणि अडकलंय हेही खरं.

फुकटची खिचडी म्हणाल, तर केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. एवढ्यात कटिंग चहाही येत नाही.

१५०० रुपयांचं काय? लाडकी बहीणला वयाची अट २१ ते ६५. विसाव्या वर्षी आई झालेल्या पोरीचं बाळ कुठे बसवायचं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा आहार हा त्या मुलाचा हक्क आहे, आईचं वय त्यात येत नाही. पैसे घरात येणं चांगलंच, पण पैसे बाळाचं वजन करत नाहीत की त्याला गोष्ट सांगत नाहीत.

मेसेजवाल्यांच्या गावीही नसलेला मुद्दा शिकवण्याचा आहे. सेविकेने वजन घ्यायचं, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटायचा, गृहभेटी करायच्या, मोबाइलवर माहिती भरायची. मग गाणी-गोष्टी कधी? तमिळनाडूत संशोधकांनी निवडक अंगणवाड्यांत अर्धवेळ शिकवणारी एक जास्तीची बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलं भाषा-गणितात पुढे गेली, शिवाय कुपोषणही घटलं. कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला सवड मिळाली. अंगणवाडी बंद न करता माणूस वाढवल्याचा हा परिणाम.

राहिलं ‘आईजवळच बरं’. बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं, दिवाळीच्या सुमारास निघाला की नवरा-बायको दोघं पहाटेपासून फडात. लेकरू आईजवळच असतं, उसाच्या पाचटात. लेकरू मागे ठेवावं, तर गावातली अंगणवाडी दुपारी बंद होते; घरी सांभाळायला आजी नसेल तर तीही कामाची नाही. पाळणाघर लागतं, तेही आई कामावरून सुटेपर्यंतचं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद होती. उसाचा फड मात्र त्या कायद्यात येत नव्हता.